आक्का, तुझा उंटांचा सिनेमा भिकार निघाला

आक्का, काय भिकार सिनेमा होता गं तो!

तुझी तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला. पडेगावात, तुझ्याच घरात, तुझ्याच टीव्हीवर, तुझ्या सासरचा गोतावळा सतरंजीवर पसरलेला असताना. तोच तो उंटांचा कार्टून सिनेमा, लहानपणी आपण बजाजनगरच्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहिलेला. चाळिशी उलटली तरी मी छातीठोकपणे सांगत आलो, की असला सिनेमा जगात दुसरा झाला नाही. बँकेत सांगितलं, बायकोला सांगितलं, सासऱ्यालासुद्धा सोडलं नाही. त्या सिनेमाचं नाव मात्र इथं लिहीत नाही. तेवढीही त्याची लायकी नाही.

अगं, उंटाच्या पाठीवर कधी एक कुबड, कधी दोन! चित्रं काढणाऱ्यानं जेवून आल्यावर आधीचा कागद बघायचेसुद्धा कष्ट घेतलेले नाहीत. पाय वाळूला टेकत नाहीत, आख्खा तांडा आपला हवेतल्या हवेत चाललाय, आणि मागं तोच तो खडक फिरून फिरून येतोय. छोट्या उंटाचा आवाज कुण्या सर्दी झालेल्या बाईनं काढलाय. जरा कुठं गोष्ट पुढं सरकली की गाणं, आणि प्रत्येक गाण्यात शिकवण. असल्या मालासाठी मी एकेकाळी जेवण टाकून पळत यायचो. माझ्या अकलेची मलाच कीव आली.

तू म्हणशील, पिंट्या, तोंड आवर, आत्ताच कुठं माझी तेरवी झाली. तोंड आवरण्याचं काम तू आयुष्यभर केलंस, आता माझं मला बोलू दे.

आपल्याला तो सिनेमा कधी ऐकूच आला नव्हता, हे त्यातलं खरं. आप्पा वाळूजला कंपनीत, शिफ्टवर. आई गावाकडं, शेती आणि म्हातारा-म्हातारी सांभाळत. मला शिकायला शहरात आणलं, आणि तुला आणलं आम्हा दोघांचं करून घालायला. सातवीतली पोरगी तू. आपल्या ओळीतल्या कितीतरी घरांत अशी एकेक पोरगी होती, गावाकडनं शेंगांच्या पोत्याबरोबर उतरवलेली. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट लोक आप्पांना म्हणायचे, तुमी नशीबवान हात, थोरली पोरगी हाय तुमाला.

खोली एक, टीव्ही त्याच खोलीत, आणि आप्पा त्याच खोलीत झोपलेले. आप्पा कामावर असले तर भिंतीपलीकडं शेख चाचा झोपलेले, त्यांची शिफ्ट उलटी. भिंत असून नसल्यासारखी. टीव्हीचा आवाज जरा वाढला की पलीकडून थाप पडायची आणि चाचींची हाक यायची, "बेटा, चाचा सो रहे!" म्हणून आपल्या ओळीत टीव्ही मुकाच असायचा. केबलवाल्याकडं पोरांसाठी ती एकच कॅसेट होती. गडी दुपारी ती लावायचा आणि पानटपरीवर निघून जायचा.

आणि तू बोलायचीस. मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत, नजर टीव्हीवर, तोंड माझ्या कानाशी. कुजबुजत. सगळ्या उंटांचे आवाज तुझेच. तांड्याचा जो म्हातारा सरदार होता, त्याला तू आप्पांचा आवाज दिला होतास. "माझी डूटी संपली, आता मला कोन उठवायचं नाय." वर घिरट्या घालणारं गिधाड शेख चाचांच्या बोलीत बोलायचं, "क्या रे पोट्टे, किधर कू चला?" मी हसू दाबायला तोंडात उशी कोंबायचो. एकदा हसता हसता ठसका लागला आणि आप्पा खरंच उठून बसले. तू इतक्या साळसूदपणे लसूण सोलायला लागलीस, की मार एकट्या मला बसला.

आणि ती थोरली उंटीण. छोट्या उंटाची मोठी बहीण. ती तर तुझी खास. तिच्या तोंडी तू जे घालायचीस ना, आक्का, ते ऐकून मला भीतीही वाटायची आणि गुदगुल्याही व्हायच्या. सरदार काहीतरी बोलला की ती म्हणायची, "तुमचं पानी तुमी भरा, मला टाइम नाय." छोटा मागं राहिला की, "ए गबाळ्या, पाय उचल, तुला काय पाठीवर घेऊन नाचू?" तिला समुद्र बघायचा होता. कुणासाठी नाही, कशासाठी नाही, नुसता बघायचा होता. शेवटी वादळ व्हायचं, मग उंटीण वाळूत आडवी पडलेली दिसायची, तिच्यावर पिवळा उजेड पडायचा, छोटा तिच्या डोक्याशी जरा वेळ उभा राहायचा आणि पुढं निघून जायचा.

"पोचली बाबा ती," तू म्हणायचीस. "समुद्राच्या काठाला पोचली. आता लोळायलीय मस्त वाळूत."

"मग समुद्र दिसत का नाही?"

"तिला दिसतोय ना. तुला कशाला दिसायला पायजे?"

"मग तो रडायलाय का?"

"त्याला बी यायचं व्हतं. ती न्यायला तयार नाय."

मला त्या उंटिणीचा फार अभिमान वाटायचा. छोट्याचा थोडा राग यायचा, रडका मेला.

आता तू गेल्यावरचं सांगतो. तुझी मयुरी. तिचा नागपूरला पशुवैद्यकीला नंबर लागला, तू अंथरुणावर उठून बसलीस आणि आख्ख्या गल्लीत पेढे वाटायला लावलेस, ते आठवत असेल. तुला उचलून नेलं, घरी परत येऊन आम्ही हातपाय धुतले नाहीत तोवर तुझ्या थोरल्या नणंदेनं विषय काढला. "आता कसलं नागपूर अन् कसलं काय. बापाचं कोन बघील? इथंच कुठंतरी बी.ए. कर म्हनावं." पिंडाला कावळा शिवायच्या आधी या बाईनं तुझ्या पोरीचं आयुष्य चुलीसमोर मांडून ठेवलं. आणि बाकीचे? "खरंय, खरंय." माना हलवायला काय लागतं! तेरा दिवस हेच चाललं. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःचं ताट उचललं नाही, ते सगळे मयुरीला कर्तव्य शिकवत होते. तुझा नवरा भिंतीला टेकून बसलेला, हूं नाही की चूं नाही. दाजी आधीच अबोल, त्यात बायको गेलेली. मी म्हटलं, मेलं, आता ही पोरगी इथंच अडकणार.

चौकात तुझं फ्लेक्स लागलं होतं. सुधारलंय ना आपलं पडेगाव! रेशनकार्डाच्या फोटोतून तुझा चेहरा काढून फुगवलाय, कपाळावरचं कुंकू कानापर्यंत पसरलंय, खाली लिहिलंय, 'त्यागमूर्ती'. त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्या होतकरूंचे गॉगल घातलेले फोटो, तुझ्यापेक्षा मोठे. त्यातल्या एकानंही तुला कधी नावानं हाक मारलेली नसेल. त्यागमूर्ती म्हणे. तुझ्या तोंडचे शब्द त्यांनी एकदा ऐकले असते ना, फ्लेक्स गुंडाळून पळाले असते.

तर त्या दुपारी मयुरी म्हणाली, "मामा, आईचा उंटांचा सिनेमा सापडला. मोबाइलवरून टीव्हीवर लावू?"

"काल तेरवी झाली अन् आज टीव्ही कसला लावायलीस गं?" नणंदबाई कडाडल्या. सिनेमा सुरू झाला तेव्हा सगळ्यात पुढं त्याच बसल्या होत्या, तंबाखू मळत.

आणि आवाज होता, आक्का. पहिल्यांदा. मी कान टवकारून बसलो. थोरली उंटीण आली. मला वाटलं आता बोलेल, तुमचं पानी तुमी भरा. ती काय बोलली माहितंय? "भैया, मुझे प्यास नहीं है, तुम पी लो." बस्स! सिनेमाभर तेवढंच. पाण्याची पखाल आली की "मुझे प्यास नहीं है". खायला आलं की "मुझे भूख नहीं है". मान खाली, डोळ्यांत पाणी, पापण्या गाईसारख्या. समुद्राचं नाव नाही. तांडा समुद्राकडं चाललेलाच नव्हता, घरी चालला होता. आणि शेवटी ती तहानेनं मरते. वाळूत पडलेली असते ते मेलेली असते गं. त्यावर बायकांचा कोरस, आभाळातून पिवळा उजेड, आणि कुणीतरी भसाड्या आवाजात सांगतो, बडी बहन का दूसरा नाम है कुर्बानी.

खोलीत रडारड सुरू झाली. नणंदबाईंनी तर पदर पिळायचा बाकी ठेवला. "बघ गं मयुरे, बघ. जशीच्या तशी तुझी माय. सोताच्या घशाला कोरड, पन भावाला पाजलं, नवऱ्याला पाजलं. अशी असावी बाईची जात. आता तुला बी असंच..."

मी कार्टूनच्या उंटाकडं बघत होतो आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बाईची नाही. तुझी. हो, तुझी! मला सांगितलीस एक गोष्ट आणि जगलीस दुसरी. दहावीनंतर शाळा सुटली, कारण आप्पांच्या शिफ्टचा डबा कोण देणार? लग्न पडेगावात, कारण आम्ही जवळ. माझी फी भरायची वेळ आली की तुझ्या कानातलं गायब. मी कधी मागितलं होतं का? कितीदा तुझ्याशी भांडलो, आक्का, पुन्हा परीक्षेला बस, शिवणाचा क्लास काढ, काहीतरी स्वतःचं कर. तू म्हणायचीस, "लई शाना झालास, जेव आधी." कोकणात चल म्हटलं, गाडी ठरवली, समुद्र दाखवतो म्हटलं. "म्हशीचं कोन बघील?" शेवटी अंग दुखतंय म्हणायला लागलीस तेव्हा डॉक्टरकडं चल म्हटलं, तर म्हणे कापूस वेचून होऊ दे, मग दिवाळी होऊ दे, मग हुरडा होऊ दे. सगळं झालं. तूच नाहीस. मुझे प्यास नहीं है!

आणि मला तो सिनेमा शोधू दिला नाहीस. दरवेळी तेच. "कशाला शोधायलास? मला पाठ हाय." मला वाटायचं तुझा विक्षिप्तपणा. आता कळलं. नंतर मी घरी जाऊन तो शेवट आवाज बंद करूनही पाहिला. आंधळ्यालासुद्धा कळेल ती मेलीय. डोळे मिटलेत, जीभ बाहेर आलीय, वर गिधाड उतरायला लागलंय. सातवीतल्या पोरीला काय कळलं नसेल? तुला पहिल्याच दुपारी कळलं होतं. आणि तू आप्पांच्या घोरण्याच्या आडून, लसणाच्या हातांनी, त्या मेलेल्या उंटिणीला उठवून समुद्रावर पाठवलंस. दर दुपारी. एवढी हुशार होतीस, आणि स्वतःला कुठंच पाठवलं नाहीस, याचा राग मी कुठं नेऊन ठेवू सांग?

पण ऐक. मी तोंड उघडणार तेवढ्यात मयुरी बोलली.

"आत्या, आई असं नाय सांगायची."

"काय नाय सांगायची?"

"ती मरत नाय. ती समुद्रावर जाते. ती कुणाला पाणी-बिणी देत नाय. ती म्हणते, तुमचं पाणी तुम्ही भरा."

मी चाट पडलो. मला वाटत होतं ती गोष्ट आपल्या दोघांचीच. तू पोरीलाही सांगितलीस, आणि मला कधी कळू दिलं नाहीस.

"अगं डोळ्यानं दिसायलंय की समद्यांला! मेली ती!" नणंदबाई म्हणाल्या. "तुझ्या मायला काय कळतंय सिनेमातलं?"

"सिनेमातलं नसंल कळत. पण मला तिनं हेच सांगितलंय. म्हशीची धार काढताना सांगायची. रोज." मयुरी थांबली नाही. "आणि सांगून झालं की म्हणायची, आता अभ्यासाला बस."

मग भिंतीकडून आवाज आला. दाजी. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"काय म्हनती म्हनली, ती उंटीन?"

"तुमचं पाणी तुम्ही भरा."

"अजून?"

मयुरीनं सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. सरदार, गिधाड, वादळ, सगळं. तिचा 'ए गबाळ्या' हुबेहूब तुझा होता, मला एकदम उठून बाहेर जावंसं वाटलं. दाजी खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एकदाच हसला, त्या डूटीवाल्या सरदाराला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आमाला नाय सांगितली कधी," एवढंच म्हणाला, आणि उठून गोठ्याकडं गेला.

नणंदबाईंना वाटलं, आपण जिंकलो. मलाही तेच वाटलं. खोटं कशाला बोलू, तुझ्या नवऱ्याकडून मी कधी कसली अपेक्षा ठेवली नव्हती. लग्नात त्याला बघून मी आप्पांना म्हणालो होतो, हा माणूस आहे की विजेचा खांब? दुसऱ्या दिवशी मी भाषण तयार करून आलो. मुलींचं शिक्षण, बदललेला काळ, शैक्षणिक कर्जाच्या सोयी, बँकेत देतो तसलं सगळं. घामाघूम होऊन तुझ्या दारात पोचलो, तर नणंदबाई बॅग घेऊन ओसरीत उभ्या, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

दाजी मोटरसायकल पुसत होता. "ताईला स्टँडवर सोडून येतो," मला म्हणाला. "तिच्या म्हशी हंबरत असतील तिकडं."

"अरे पन तुझं कोन करील?" बाई अजून हटेना.

"माझं मी बघतो." आणि किक मारता मारता, जणू हवापाण्याची गोष्ट, "मयुरीची गाडी सोमवारची हाय. पिंटूभाऊ, तुमी येनार का सोडायला, का मी रजा टाकू?"

माझं आख्खं भाषण वाया गेलं, आक्का. कपाळ माझं.

आम्ही दोघंही गेलो सोडायला. मयुरी खिडकीशी बसली. रडली नाही, आम्हालाच म्हणाली, पाणी प्या दोघं, ऊन आहे. मी मनात म्हटलं, बाई गं, तिथं तरी कुणाला पाणी पाजत बसू नकोस. तोंडानं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का?

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, सांगून ठेवतो. ज्या कुणी तो सिनेमा काढला, त्याच्यावरचा तर मेल्यावरही जाणार नाही. लोक तुला त्यागमूर्ती म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती पापण्या फडफडवणारी उंटीण येते आणि मला शिसारी येते. मला तुझी दुसरी उंटीण पाहिजे, चाबऱ्या तोंडाची. तिच्याशी माझं भांडण अर्धं राहिलंय. तिनं मला वाढवलं. तिच्यामुळं मी हसायला शिकलो, तेही आवाज न करता. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, लई शाना झालास.

परवा पडेगावला गेलो होतो. दाजीची सुट्टी होती. दुपारची वेळ, घरात धूर कोंडलेला, आणि तुझा नवरा बनियनवर परातीपुढं बसलेला, कोपरापर्यंत पीठ. मला बघून उठला नाही. म्हणाला, "बसा. व्हायलीय." भाकर पुढं आली. काय सांगू तुला! एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची, मधे भोक पडलेलं आणि त्यावर ठिगळ लावलेलं. अशी भाकर कुत्र्यानंही हुंगून सोडली असती. त्याच्या तोंडावर सांगितलं, दाजी, तुमच्या सात पिढ्यांत कुणी एवढी वाईट भाकर केली नसेल. तो म्हणाला, "कुनी केलीच नसंल."

मी दुसरी मागून घेतली.